नवतपातली वीज : यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळी वीजपुरवठा

यवतमाळ जिल्ह्याच्या वीजव्यवस्थेची खरी परीक्षा एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत होते. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, मेच्या अखेरीस नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होतो आणि घरोघरचे कूलर दुपारपासून पहाटेपर्यंत बंद होत नाहीत. उष्णता वीजव्यवस्थेवर दोन बाजूंनी चालून येते. एकीकडे विजेची मागणी वाढते आणि दुसरीकडे ती वाहून नेणाऱ्या तारा, जोड, रोहित्रे यांची क्षमता त्याच वेळी घटते. थंडीत जे यंत्र निभावून नेते, तेच मे महिन्यात कमी पडते. बिघाड नेमका केव्हा आणि कुठे होणार, हे या दोन गोष्टींच्या मेळावर ठरते.

वीजनिर्मितीच्या जागांपासून हा जिल्हा मुळीच दूर नाही. पूर्वेकडच्या वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, निलजई, मुंगोली अशा खुल्या खाणी आहेत आणि त्या पट्ट्यातला कोळसा औष्णिक केंद्रांना जातो. शेजारच्या चंद्रपूरचे महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे १,३५० मेगावॅटचे, तर गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचे खासगी केंद्र आहे. शिवाय कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची केंद्रे आहेतच. विदर्भात तयार होणारी वीज विदर्भाच्या गरजेहून बरीच अधिक असते आणि उरलेली पश्चिमेकडे जाते. त्यासाठी चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी उभारलेली आहे.

केंद्र जवळ असले म्हणजे वीज हक्काची होते असे मात्र नाही. सगळी केंद्रे एका जाळ्यात वीज ओततात आणि सगळे ग्राहक त्याच जाळ्यातून ती उचलतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे जोडले गेले, तेव्हापासून देशभर एकच वारंवारता चालते. ती ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवावी लागते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारता उतरते. फार उतरली तर आधीच ठरवून ठेवलेल्या फिडरांवरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिन्यांवरचे, रिले आपोआप काम करतात आणि तो भाग अंधारात जातो. राज्यापुरता हा तोल नवी मुंबईतील ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळते आणि नागपूरला अंबाझरीत त्याचे विभागीय केंद्र आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले; दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचे जाळेही त्यासोबत गेले. पश्चिमेचे जाळे त्या वेळी वेगळे पडून तगले, म्हणून महाराष्ट्र वाचला.

उन्हाळ्यात निर्मितीची अडचण विजेच्या मागणीइतकीच पाण्याचीही असते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्यामुळे चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. २०१३ मध्ये परळीचे केंद्र त्याच कारणाने थांबले. कोयनेची सुमारे १,९६० मेगावॅटची जलविद्युत संध्याकाळच्या चढत्या मागणीला सर्वांत उपयोगी, कारण ती काही मिनिटांत सुरू करता येते. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि पाण्याचे वर्ष ३१ मे रोजी संपते. त्यामुळे ज्या आठवड्यांत ती वीज सर्वांत हवी, त्याच आठवड्यांत तिचा कोटा तळाला गेलेला असू शकतो.

राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. तोच काळ महाराष्ट्रातल्या सर्वांत कठीण भारनियमनाचा. तूट चार हजार मेगावॅटच्या घरात होती आणि ग्रामीण भागात दिवसातले अनेक तास वीज नसे. नंतर वीजहानी आणि वसुली पाहून फिडरांचे ए ते जी असे गट पाडले गेले आणि खालच्या गटांवर भारनियमनाचा बोजा अधिक पडला. या पद्धतीत एक अन्याय होता आणि तो नीट सांगितला पाहिजे : दर महिन्याला बिल भरणारे घरही शेजाऱ्यांच्या थकबाकीपायी अंधारात बसे. २०१२ च्या अखेरीपर्यंत राज्याच्या बहुतेक भागांतून भारनियमन उठले. त्यानंतरचा मोठा धक्का एप्रिल २०२२ चा. राज्याची मागणी २८ हजार मेगावॅटच्या पुढे गेली, देशभर कोळसा अपुरा होता, वीज बाजारात युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली आणि काही दिवस जी गटांच्या फिडरांवर पुन्हा भारनियमन आले.

अशा वेळा सोडल्या तर आज जिल्ह्यातले घर उन्हाळ्यात अंधारात जाते ते मेगावॅट कमी पडल्याने नव्हे. वीज यवतमाळपर्यंत येऊन पोचलेली असते आणि शेवटच्या काही किलोमीटरांत अडते. अतिउच्चदाब उपकेंद्रातून ३३ किलोव्होल्टने गावाकडच्या उपकेंद्रात, तिथून ११ किलोव्होल्टच्या फिडरवर, फिडरवरून डीपीवर आणि डीपीवरून घरात असा तिचा मार्ग आहे. डीपी म्हणजे लोकांच्या बोलण्यातले वितरण रोहित्र. दोन खांबांच्या मधोमध ठेवलेली ही तेलाने भरलेली टाकी ११ किलोव्होल्टचा दाब उतरवून ४३३ व्होल्टवर आणते.

डीपी सहसा ६३, १०० किंवा २०० केव्हीएची असते. १०० केव्हीएच्या डीपीतून पूर्ण भाराला प्रत्येक फेजमध्ये साधारण १३३ अँपिअर जातात. पंखा आणि पंप धरून घरगुती कूलर २०० वॉटच्या आसपास वीज घेतो, तर दीड टनी एसी दीड किलोवॅट, म्हणजे सातएक कूलरांइतकी. अशा साठेक एसींनी १०० केव्हीएची क्षमता संपते. विदर्भाचा ओल्या ताट्यांचा कूलर या अर्थाने वीजव्यवस्थेवर मोठा उपकार करत आला आहे. शहरांतल्या नव्या वस्त्यांत एसी वाढले, तिथे जुनी डीपी तोकडी पडते. कूलरचाही एक त्रास आहे. त्याची मोटर जेवढे काम करते त्याहून अधिक प्रवाह ओढते, आणि दाब उतरला तर तो प्रवाह आणखी वाढतो. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब दहा टक्के उतरला की जोर एकोणीस टक्क्यांनी घटतो. फिडरच्या टोकावरच्या घरात रात्री कूलरचा पंखा नुसता घुमत राहतो आणि हवा येत नाही, त्याचे कारण हेच. उपकेंद्रात आणि खांबांवर कपॅसिटर बसवले तर हा उतार बराच सावरतो.

डीपी जळते ती बहुधा रात्री. तिच्या आतल्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या वेटोळ्यांवर कागदाचे वेष्टन असते आणि तेल त्यांची उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत आणते. भारतीय मानकांप्रमाणे रोहित्राची रचना करताना बाहेरच्या हवेचे कमाल तापमान ५० अंश धरलेले असते, म्हणजे दुपारचे ४५ अंश त्यात बसतात. पण त्याच मानकांत दिवसाची सरासरी ४० अंशांपेक्षा जास्त नसेल असेही गृहीत असते. रात्र थंड होईल, तेल निवेल, वेटोळ्यांना उसंत मिळेल, हा सगळा हिशेब त्यामागे आहे. रात्री दहाला भिंती तापलेल्याच असतील आणि कूलर-एसी पूर्ण भरात असतील तर ती उसंत मिळत नाही. भार वीस टक्के वाढला की वेटोळ्यांतली उष्णता चव्वेचाळीस टक्के वाढते. ठरावीक मर्यादेच्या वर तापमान दर सहा अंशांनी चढले की कागदाचे आयुष्य निम्म्यावर येते. वेष्टन एका उन्हाळ्यात सहसा जात नाही. ते दरवर्षी थोडे ठिसूळ होते आणि एखाद्या मेमध्ये फाटते.

तेलही लक्षात घेतले पाहिजे. टाकीला पाझर असेल किंवा तेल चोरीला गेले असेल, तर वेटोळ्यांचा वरचा भाग उघडा पडतो. हवा घेण्याच्या नळीतली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल, तर ती ओलावा शोषण्याच्या कामाची राहिलेली नसते. डीपीखालच्या पेटीत किटकॅट फ्यूज असतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात योग्य तारेऐवजी अॅल्युमिनियमची जाड कांडी घातली, तर त्या रात्री गावाला वीज मिळते, पण पुढच्या दोषात फ्यूज वितळत नाही आणि रोहित्रच जळते. जिल्ह्यातल्या असंख्य पेट्यांची दारे तुटलेली आहेत आणि त्यांत कोणीही हात घालू शकतो. यात माणसेही दगावतात. ही हयगय थांबवायला मोठा पैसा लागत नाही.

मातीचाही यात हात आहे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी कापसाची जमीन आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीत रोवलेले खांब कलतात आणि तारांचा ताण बिघडतो. त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. कोरड्या मातीचा विद्युतरोध वाढतो आणि जमिनीत पुरलेली अर्थिंग नावापुरती उरते. म्हणून कोळसा-मीठ घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते. अशा वेळी न्यूट्रलची तार तुटली तर तिन्ही फेजांचा तोल जातो. एका आळीत दिवे मंद होतात, दुसऱ्या आळीत दाब भलताच चढून टीव्ही, फ्रीज आणि पंखे जळतात. लोखंडी पत्र्याचा ओला कूलर अनवाणी हाताळणाऱ्याला अर्थिंगच नसलेल्या घरात बसणारा धक्का जिवावर बेततो. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात.

तारा उन्हाने आणि भाराने तापून लांबतात आणि त्यांना झोळ पडतो. विझल, रॅबिट, डॉग अशा प्राण्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या तारा पोलादी गाभ्यावर अॅल्युमिनियम गुंडाळून केलेल्या असतात. अॅल्युमिनियमचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून तापलेली तार आणखी तापते. सैल जंपर आणि जुने जोड सर्वांत आधी लाल होतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत ओहायोमध्ये झोळ पडलेल्या वाहिन्या झाडांना टेकल्या आणि पुढे अमेरिका-कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. यवतमाळमध्ये उन्हाळ्यातले आणखी एक कारण शेतातले आहे : खरिपाआधी पऱ्हाट्या आणि धुरे जाळले जातात. वाहिनीखालच्या आगीच्या धुरातून आणि ज्वाळांतून दोन तारांमध्ये ठिणगी उडते आणि फिडर ट्रिप होतो. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या आणि दक्षिणेकडच्या सागवानी जंगलांतून जाणाऱ्या वाहिन्यांना वणव्यांचीही भीती असते.

मग वळीव येतो. वाऱ्याने फांद्या आणि खांब पडतात ते दिसते. न दिसणारे नुकसान इन्सुलेटरचे असते. चिनी मातीचा इन्सुलेटर दिवसभर तापतो, त्यावर धूळ साचते, वणीकडे कोळशाचीही. संध्याकाळी पहिले थेंब पडताच तो एकदम निवून त्याला केसाएवढा तडा जातो किंवा धुळीचा ओला थर वीज वाहू लागतो. फिडर बंद होतो. जनमित्र आणि वायरमन आधी अर्धा फिडर तोडून पाहतात : बाकीचा चालू राहिला तर दोष तोडलेल्या अर्ध्यात. मग त्याचे आणखी तुकडे करत अंधारात, चिखलात, विजेरीच्या उजेडात एकेक खांब पाहत जातात. तडा खालून दिसत नाही, म्हणून बऱ्याचदा खांबावर चढूनच पाहावे लागते. गावातून फोन येत असतात आणि उत्तर द्यायला माणूस नसतो, कारण जो आहे तो खांबावर आहे. चिनी मातीऐवजी पॉलिमरचे इन्सुलेटर आणि फिडर तुकड्यांत तोडणारे जास्त स्विच या दोन गोष्टींनी हा शोध तासांवरून मिनिटांवर येऊ शकतो.

उन्हाळ्यात वीज गेली की पाणीही जाते. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह या धरणांचे पाणी मिळते आणि २०१८ च्या टंचाईने शहराला बेंबळा धरणाच्या पाण्याची वाट पाहायला लावली. पाणी पंपाने चढवायचे असेल तर वीज तासभर गेली तरी नळाचे वेळापत्रक दिवसभर बिघडते.

शेतीपंपांचा भार पुसद, उमरखेड, महागावकडे ऊस, केळी आणि उन्हाळी पिकांमुळे मेपर्यंत टिकतो. गावठाण आणि शेती यांचे फिडर वेगळे केल्यामुळे गावाला चोवीस तास आणि पंपांना आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आठ-दहा तास थ्री-फेज वीज देता येते. रात्रीच्या पाळीत साप-विंचवांच्या भीतीत पाणी देणे हा शेतकऱ्यांच्या वाट्याचा जुना जाच आहे. त्यावरचा उपाय म्हणजे २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. तिच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी निवडले गेले होते. २०२३ पासून योजनेचा दुसरा, बराच मोठा टप्पा सुरू आहे. शेतीचा भार दिवसा उन्हावर गेला की वाहिन्यांवरचा रात्रीचा ताण हलका होतो. मात्र सौर पॅनेल तापले की त्याची निर्मिती दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के उतरते, आणि संध्याकाळी सातनंतर, घरांचा भार चढत असताना, ती शून्य होते. ती पोकळी कोळसा, कोयनेचे उरलेले पाणी आणि अलीकडे साठवणुकीच्या बॅटऱ्या यांनी भरायची असते.

पुरवठा किती विश्वासार्ह आहे हे मोजण्यासाठी वीज नियामक आयोगाने निर्देशांक ठरवले आहेत : सरासरी ग्राहकाची वीज किती वेळा गेली आणि एकूण किती वेळ गेली. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलावे, नाहीतर ग्राहकाला भरपाई मिळावी, असा नियम आहे. ४५ अंशांच्या उन्हात तान्हे मूल किंवा आजारी म्हातारे माणूस असलेल्या घराला ४८ तास हा फार मोठा काळ आहे. तालुक्याच्या भांडारात तेल भरून तयार असलेली रोहित्रे एप्रिलच्या आधी ठेवली तर तो निम्म्यावर येतो. कमी दाबाची नोंद मात्र या निर्देशांकांत होत नाही. नियमानुसार घरातला दाब २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ असायला हवा. फिडरच्या टोकाला रात्री तो १७० झाला तरी कागदावर त्या घरात वीज आहेच. आता बसत असलेल्या स्मार्ट मीटरमध्ये दाबाची नोंद राहते. त्या नोंदी डीपीनिहाय तपासल्या तर कोणते रोहित्र पुढच्या नवतपात जळणार, हे फेब्रुवारीतच कळू शकते.