गाडीचा 'फुल' विमा

देवणीच्या बाजारात एक जीप उभी आहे. मालकाने ती दिवाळीत जुनी विकत घेतली. त्याला विचारले, "दादा, विमा आहे का?" तो म्हणाला, "फुल हाय! आता कसली काळजी?"

फुल म्हणजे सगळेच आले का? पाहू.

या विम्याचे दोन भाग असतात. पहिला दुसऱ्यांसाठी. आपल्या गाडीखाली माणूस सापडला, कुणाचा बैल मेला, तर त्याची भरपाई कंपनी देते. १९८८ च्या कायद्याने हा भाग सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्या गाडीसाठी. अपघात, आग, चोरी, पूर यांत झालेले नुकसान त्यातून मिळते. भूकंपाचेसुद्धा मिळते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण विसरलो नाही. हे दोन्ही भाग मिळून झाला 'फुल' विमा.

पण बैल म्हातारा झाला म्हणून कोणी पैसे देते का? गाडीचेही तसेच. टायर झिजला, इंजिन आपोआप बिघडले, तर खर्च मालकाचा. अपघातात प्लास्टिकचे किंवा रबराचे सामान मोडले, तर साध्या फुल विम्यात निम्मीच किंमत मिळते. चोरी झाली तर खरेदीची किंमत मिळत नाही. गाडी जुनी होते तशी किंमत उतरते. ती उतरलेली किंमत विम्याच्या कागदावर लिहिलेली असते.

चालकाजवळ लायसन नसेल किंवा तो दारू प्यायलेला असेल, तर आपल्या गाडीची भरपाई विसरा.

आता मोठा धोका ऐका. गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरच्या वापराची. उदगीरला निघताना मालक चार माणसे बसवतो. "डिझेलचे तरी निघतील," म्हणतो. भाडे घेतले की तो घरचा वापर राहत नाही. वाटेत गाडी उलटली तर कंपनी भरपाई नाकारू शकते. जखमी उतारूंचे पैसे मालकाच्या अंगावर येऊ शकतात. त्यापायी शेत विकायची पाळी येते.

आणखी एक. जुनी गाडी घेतली, की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला लेखी कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यावा. नाही केला, तर आपल्या गाडीचे नुकसान मागता येत नाही.

हे ऐकून जीपवाल्याने कागद काढला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. नाव जुन्या मालकाचेच होते. "उद्याच जातो," तो म्हणाला.