माशाच्या रक्तातील कणयुक्त पांढऱ्या पेशींची ओळख

मडके कच्चे की पक्के हे कुंभार थापटण्याने ठोकून ओळखतो. संत गोरोबाकाकांनी संतमेळ्याची परीक्षा याच रीतीने घेतल्याची आख्यायिका तेर गावी भक्तिभावाने सांगितली जाते. मासा मात्र असा ठोकून पाहता येत नाही. तेरणेचा जलाशय असो वा गावतळे, उन्हाळ्यात पाणी आटू लागले, त्यातील प्राणवायू घटला की माशांवर ताण येतो आणि रोगास वाव मिळतो. अशा वेळी कारण न शोधता पाण्यात औषधे ओतल्यास मत्स्यसंवर्धक संस्थेचा पैसा वाया जातो, पाणीही बिघडते. माशाच्या अंतरंगाची वार्ता त्याच्या रक्तातून कळू शकते.

पेशींचे तीन प्रकार

माशाच्या तांबड्या पेशी लंबगोल असून त्यांत केंद्रक असते. मानवाच्या परिपक्व तांबड्या पेशींत ते नसते. पांढऱ्या पेशींपैकी ज्यांच्या पेशीद्रवात सूक्ष्म कण दिसतात, त्या कणयुक्त पेशी होत. जर्मन वैद्य पॉल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास आम्लधर्मी व क्षारधर्मी रंगांच्या साहाय्याने अशा पेशी वेगळ्या ओळखण्याची पद्धत घातली. तिचे तत्त्व आजही तेच आहे. इओसिनोफिलचे कण आम्लधर्मी इओसिन शोषून तांबूस होतात, बेसोफिलचे कण क्षारधर्मी रंगाने गडद निळे-जांभळे दिसतात, तर न्यूट्रोफिलचे कण फिकट राहतात. न्यूट्रोफिलचे केंद्रक बहुधा एका बाजूस सरकलेले, घेवड्याच्या दाण्यासारखे अथवा खंडित असते. मात्र हे तिन्ही प्रकार प्रत्येक जातीच्या माशात आढळतीलच असे नाही. अनेक जातींत बेसोफिल क्वचितच दिसतात.

परीक्षणाची रीत

शेपटीच्या देठातील रक्तवाहिनीतून सुईने रक्त काढतात. त्याचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून वाळवितात, मिथेनॉलने स्थिर करतात आणि गिम्सा रंगाने रंगवितात. पुढे तेलभिंगाखाली शंभर वा अधिक पांढऱ्या पेशी मोजून प्रत्येक प्रकाराचे प्रमाण काढले जाते. रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या थ्रॉम्बोसाइट पेशी लहान लसिका पेशींसारख्या दिसत असल्याने येथे नवख्याची फसगत होते. न्यूट्रोफिलविषयी शंका राहिल्यास पेरॉक्सिडेज विकराची रासायनिक चाचणी उपयोगी पडते.

ऊतकांतील शोध

माशाच्या हाडांत रक्त घडविणारी मज्जा नसते. हे कार्य मुख्यतः वृक्काच्या डोक्याकडील भागात चालते. म्हणून त्या भागाचा ताजा तुकडा काचपट्टीवर हलकेच टेकवून ठसा घेतात. त्यात पेशींच्या अपक्व व पक्व अवस्था एकत्र दिसतात. कल्ले व आतड्याच्या भित्तिकेतही इओसिन शोषणाऱ्या कणयुक्त पेशी असतात. परजीवींचा उपद्रव दीर्घकाळ चालल्यास तेथे त्यांची गर्दी होऊ शकते. त्या पाहण्यासाठी ऊतक फॉर्मॅलिनमध्ये ठेवून त्याचे पातळ छेद घ्यावे लागतात.

निष्कर्षातील सावधगिरी

न्यूट्रोफिल वाढले म्हणजे जंतुसंसर्गच झाला, असे मानणे चुकीचे ठरेल. जाळ्यात अडकल्याने, गर्दीने वा प्राणवायूच्या अभावानेही न्यूट्रोफिलचे प्रमाण वाढते व लसिका पेशींचे घटते. म्हणून रक्ताचा अहवाल पाण्याची तपासणी आणि कल्ले व त्वचा यांचे निरीक्षण यांच्याशी ताडूनच वाचावा.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मेलेल्या माशातील रक्तपेशी लवकरच विघटित होतात. कुजलेला मासा या परीक्षेस निरुपयोगी होय. आजारी पण जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत, सोबत तळ्यातील पाण्याचा स्वतंत्र नमुना घेऊन, तज्ज्ञांकडे विनाविलंब पोहोचवावा. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तर मुंबईत १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. आधी निदान व मग औषध, हा क्रम पाळल्यास तळ्यातील धन तळ्यातच राहील.