खाऱ्या पाण्याची मळी

श्रोतेहो, पाथरी-मानवतच्या बाजूला जायकवाडीच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि ऊस आला की त्याच्या मागोमाग गुऱ्हाळ आलेच. तुमच्यापैकी पुष्कळांनी थंडीच्या रात्री चुलवाणापाशी बसून गरम काकवी चाखली असेल. काहिलीतला रस तापू लागला की त्याच्यावर काळपट फेस जमतो. गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो, राहिलेली घाण वर येते, आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने ती मळी तो काढून टाकतो. मळी वेळेवर काढली नाही तर गूळ काळा पडतो. वेळेवर म्हणजे ती वर आली असताना. पुन्हा रसात मिसळली, की मग झाऱ्याला सापडत नाही.

आज ज्या यंत्राची माहिती सांगायची आहे ते हेच काम करते, मात्र थंड पाण्यात, आणि त्याच पाण्यात मासे पोहत असताना. दुकानदार त्याला प्रोटीन स्किमर म्हणतात. आपण त्याला फेसकाढ्या म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर, इथे समुद्राच्या माशांची गोष्ट कशाला? पण काचेच्या पेटीत खारे पाणी करून समुद्राचे मासे आणि प्रवाळ ठेवण्याची हौस आता समुद्रकाठापुरती राहिलेली नाही. एखाद्या दवाखान्यात, एखाद्या हौशी घरात आणि क्वचित शाळेतही अशी पेटी दिसते. समुद्र कधी न पाहिलेल्या मुलांना ती दाखवावी असे शिक्षकाला वाटते, आणि ते योग्यच आहे. अडचण एवढीच की समुद्राकाठी पाणी बिघडले तर नवे पाणी शेजारी असते. आपल्याकडे प्रत्येक लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ विकत आणून कालवावे लागते. २०० लिटरच्या पेटीला ७ किलो मीठ झाले. आणि ते कालवायचे शुद्ध केलेल्या पाण्यात. आपल्या बोअरचे जड पाणी त्या कामाचे नाही. म्हणून इथे पाणी राखणे हाच खरा धंदा आहे.

माशाला खाऊ घातले की उरलेले अन्न, माशांची विष्ठा, अंगावरचा बुळबुळीतपणा हे सारे पाण्यात विरघळते. जिवाणू ते कुजवतात, त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होते. शाळेत नत्रचक्र शिकवणाऱ्या गुरुजींना हे नवे नाही. प्रवाळ ज्या समुद्रात वाढतात तिथल्या पाण्यात असले खत फार थोडे असते. पेटीत ते साचले की शेवाळ माजते आणि प्रवाळाला झाकून टाकते. फेसकाढ्याचे काम अमोनिया होण्यापूर्वीचे आहे. घाण कुजायच्या आत तो ती उचलतो. एकदा नायट्रेट झाले, की फेसकाढ्या त्याला हात लावू शकत नाही.

उचलतो कसा? प्रथिनाच्या रेणूचा काही भाग पाण्याकडे ओढ घेतो आणि काही भाग पाणी टाळतो. असा रेणू पाण्यात फिरताना हवेच्या बुडबुड्याला भेटला की एक पाय पाण्यात आणि एक पाय हवेत ठेवून त्याच्या अंगाला चिकटून बसतो. यंत्रात एक उभे नळकांडे असते. त्यात पंपाने पाणी आणि अगदी बारीक बुडबुडे एकत्र घुसळतात. बुडबुडे वर चढतात, वर फेस होतो, तो अरुंद गळ्यातून चढताना त्यातले पाणी निथळते, आणि घट्ट, दुर्गंधी फेस वरच्या पेल्यात पडतो. काहिलीत जे काम उष्णता करते ते इथे बुडबुड्याची कातडी करते. म्हणून कातडी जितकी जास्त तितके बरे. वर्गात हे गणित घाला: ५ मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा फोडून अर्ध्या मिलिमीटरचे बुडबुडे केले तर ते किती होतील? १,०००. आणि हवा तेवढीच असूनही त्यांचा एकूण पृष्ठभाग दहापट होईल.

दुसरा प्रयोग तर फुकटचा आहे. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या अर्ध्या भरा. एकीत साधे पाणी, दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम प्रमाणे मीठ घातलेले. दोन्ही सारख्याच जोराने हलवून टेबलावर ठेवा. साध्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांना मिळून मोठे होतात आणि भरकन वर जातात. मिठाच्या पाण्यात ते बारीक राहतात, क्षणभर पाणी दुधासारखे दिसते. खारटपणा बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. यातच एक सल्लाही आला. तुमच्या शाळेत गोड्या पाण्याची, म्हणजे सोनमासे किंवा गप्पी यांची पेटी असेल, तर कोणी कितीही आग्रह केला तरी फेसकाढ्या विकत घेऊ नका. गोड्या पाण्यात तो जवळजवळ निकामी आहे.

खाऱ्या पाण्याची पेटीसुद्धा ऐंशी-शंभर लिटरांच्या आतली असेल, तर माझ्या मते दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलणे स्वस्त आणि निर्धोक. त्याहून मोठ्या पेटीला यंत्र घ्यावे. खोक्यावर 'इतक्या लिटरसाठी' असा आकडा असतो, तो विक्रेत्याचा आशावाद समजावा. मासे भरपूर असतील तर पेटीच्या दीडपट-दुप्पट आकड्याचे यंत्र घ्या. पण म्हणून २०० लिटरला १,००० लिटरचे घेऊ नका. मोठ्या यंत्राचा गळा रुंद असतो. त्यात फेस उभा राहायला तेवढी घाण पाण्यात असावी लागते. ती नसली, की फेस गळ्यातच कोसळत राहतो आणि पेला कोरडा राहतो. दहा माणसांच्या घरी लग्नाची काहील चढवल्यासारखे होते ते.

लहान पेटीला लाकडी दगडातून हवा फुंकणारे साधे यंत्र चालते, पण तो लाकडी तुकडा वरचेवर बदलावा लागतो. आजकाल बहुतेक यंत्रांत पंपाच्या पंख्याला सुया किंवा जाळी असते, तीच हवा चिरून बारीक करते. घेताना तीन गोष्टी विचारा. पंप किती वॅट खातो? इन्व्हर्टरवर चालवायचा तर हे महत्त्वाचे. पंप उघडून धुता येतो का, आणि त्याचा पंखा सुटा मिळतो का? बाकी चकचकीतपणाकडे लक्ष देऊ नये.

आता यंत्र लावण्याविषयी, आणि इथे माझीच एक चूक सांगतो. जिल्ह्यातल्या एका शाळेने मला पेटी लावून द्यायला बोलावले होते. खालची आणि वरची पेटी मिळून २०० लिटर पाणी. यंत्र सुरू केले, पण फेस काही चढेना. मुले भोवती उभी. मी दर अर्ध्या तासाला बाहेर जाणाऱ्या पाण्याची झडप थोडी थोडी आवळत गेलो. झडप आवळली की नळकांड्यातले पाणी चढते आणि फेस गळ्याकडे सरकतो. संध्याकाळी पेल्यात थोडासा फेस पडला, टाळ्या झाल्या, मी समाधानाने घरी आलो. रात्री यंत्र खवळले. पेला भरून वाहू लागला आणि वीस लिटर खारे पाणी फरशीवर गेले. सकाळी शिपाईमामांनी पाणी कमी झालेले पाहिले आणि मासे मरू नयेत म्हणून मोठ्या काळजीने दोन बादल्या साधे पाणी ओतले. लिटरला ३५ ग्रॅमचे साडेएकतीस झाले, तेही एका दमात. मासे तगले. पण मुलांनी नावे ठेवलेली दोन्ही झिंगे दुपारपर्यंत मेली. दोष यंत्राचा नव्हता, शिपाईमामांचा तर नव्हताच. माझ्या हाताला धीर नव्हता.

नवे यंत्र पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, वेड्यासारखे वागते. प्लॅस्टिकवर कारखान्यातला तेलकटपणा असतो. आधी ते पाण्यात थोडा सिरका घालून धुवावे. साबण अजिबात नको. मग झडप पूर्ण उघडी ठेवून, म्हणजे आतले पाणी सर्वांत खाली ठेवून, आठवडाभर नुसते चालू द्यावे. पेल्यात काही पडले नाही तरी चालेल. त्यानंतर झडप केसभर आवळायची, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. बुडबुड्यांचे पाणी जिथे संपते आणि खरा फेस सुरू होतो ती रेषा गळ्याच्या बुडाशी आली की थांबा. शनिवारी किंवा संध्याकाळी घरी जाताना झडपेला हात लावू नये, हा माझा नियम तेव्हापासूनचा.

पेल्यातले पाणी तुम्हाला पुढचे सांगेल. ते कोऱ्या चहासारखे असले तर फेस ओला आहे: घाण जास्त निघते, पण खारे पाणीही जाते, ते मिठाच्या पाण्यानेच भरून काढावे लागते. डांबरासारखे घट्ट असले तर फेस कोरडा: पाणी वाचते, पण बरीच घाण गळ्यातच वाळून राहते. शाळेसाठी कडक चहाचा रंग बरा. दर दोन-तीन दिवसांनी पेला आणि विशेषतः गळा आतून पुसावा, कारण त्या चिकट थराने फेस मोडतो. तेलकट खाद्य घातले, किंवा खोबरेल तेलाचा हात पेटीत बुडवला, तरी काही तास फेस बसतो. उलट साबणाचा अंश गेला किंवा औषध घातले तर तो उसळतो. असे झाले म्हणजे झडपेशी खेळू नये. थांबावे, औषधाच्या वेळी यंत्र बंदच ठेवावे आणि हवेचा पंप लावावा.

आता आपल्या हवेची गोष्ट. ही कंपनीच्या पुस्तिकेत तुम्हाला सापडणार नाही. यंत्र खालच्या पेटीत उभे असते आणि ठरावीक खोलीच्या पाण्यातच नीट चालते. बहुतेकांना १५ ते २३ सेंटिमीटर लागते. आपल्या यंत्राचा आकडा पुस्तिकेत पाहावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, पेटी थंड राहावी म्हणून आपण पाण्यावर पंखा सोडतो, आणि पाणी उडते. पाणी कुठूनही उडाले तरी उणीव दिसते ती खालच्या पेटीच्या शेवटच्या कप्प्यात, जिथून पंप पाणी वर चढवतो. तो कप्पा ३० बाय ३० सेंटिमीटर असेल तर १.८ लिटर पाणी उडाले की पातळी २ सेंटिमीटर उतरली. फेसकाढ्या त्याच कप्प्यात असेल तर सकाळी फेस मेलेला, आणि दुपारी कोणी पाणी भरले की फेस उतू. माणूस यंत्राला नावे ठेवत झडप फिरवत बसतो. फेसकाढ्या आधीच्या कप्प्यात, ठरावीक उंचीच्या आडभिंतीच्या आत ठेवा. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असते तोवर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची पातळी हलत नाही, तेच हे. उडालेले पाणी मात्र रोज साध्या शुद्ध पाण्याने भरायचे, कारण मीठ उडत नाही. सांडलेले खाऱ्याने, उडालेले साध्याने, एवढे पेटीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

वीज गेली, की वरच्या पेटीतले थोडे पाणी खाली उतरते. ती परत आली, की चढलेल्या पाण्यातच फेसकाढ्या सुरू होतो आणि पेला भरून टाकतो. उपाय घरातच आहे. फ्रिजच्या पुष्कळशा स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर तीन-चार मिनिटे थांबण्याची सोय असते. फेसकाढ्या तशा स्टॅबिलायझरवर लावावा. तोवर वरचा पंप पाणी ओढून घेतो. वीज नसताना इन्व्हर्टर एकाच गोष्टीला पुरत असेल तर हवेच्या पंपाला द्या. फेस एक दिवस थांबेल, श्वास थांबत नाही.

प्रवाळाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. मालवणच्या समुद्रात आपले प्रवाळ आहेत, तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली आले. आपल्या समुद्रातला प्रवाळ तोडून कोणी विकत असेल तर विकणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. शाळेने कागदपत्रांशिवाय काही घेऊ नये. मुलांना दाखवायला विदूषक मासा काय वाईट आहे? तो आता पेटीतच पैदा करता येतो. मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या मदतीने ऐरोलीला त्याची पिल्ले तयार होऊ लागली आहेत. असा मासा घेतला तर समुद्रातला एकही कमी होत नाही.

राहता राहिले पेल्यातले पाणी. घाणीत खत असते म्हणून एका उत्साही विद्यार्थ्याने ते शाळेच्या बागेतल्या मोगऱ्याला घातले होते. तसे करू नका. त्यात मीठ आहे, आणि आपल्या काळ्या मातीतून मीठ लवकर निघत नाही. ते मोरीत ओतावे आणि वरून तांब्याभर पाणी सोडावे.