सरकीतील गॉसिपॉल आणि नरांची प्रजननक्षमता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नरडाणा, शिंदखेडा आणि एकूणच तापीकाठच्या खानदेशात कपाशी हे मोठे नगदी पीक असल्यामुळे सरकी, तिचे तेल आणि ढेप या घरोघरच्या वस्तू आहेत. त्यामुळे ‘सरकीच्या तेलाने पुरुष वंध्य होतो’ या समजुतीची छाननी या भागात विशेष प्रस्तुत ठरते. या समजुतीच्या मुळाशी गॉसिपॉल नावाचे पिवळे रंगद्रव्य आहे. कपाशीच्या बिया, पाने आणि मुळांची साल यांत ते साठते व किडींपासून झाडाचे रक्षण करते, म्हणजेच ते झाडाचे मूळचेच द्रव्य असून 2002 मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी वाणांशी त्याचा संबंध जोडणे निराधार आहे.

चीनमधील काही खेड्यांत 1950 च्या दशकात कच्चे, शुद्ध न केलेले सरकीचे तेल खाणाऱ्या कुटुंबांत मूल न होण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले आणि संशोधनाला तेथून चालना मिळाली. रिफाइंड तेलाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण शुद्धीकरणात कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होताना गॉसिपॉल जवळजवळ पूर्णपणे निघून जाते.

‘उंदरावर जे दिसले तेच माणसावर होणार’ हा दुसरा, अधिक सुशिक्षित गैरसमज होय. प्रयोगशाळेतील घुशीएवढ्या पांढऱ्या उंदरांना आणि हॅमस्टरना काही आठवडे रोज गॉसिपॉल दिल्यास शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि पुढे त्यांची संख्याही घटते. सशावर मात्र त्याच द्रव्याचा असा परिणाम फारसा दिसत नाही. एका प्राण्यावरून दुसऱ्याबद्दलचा निष्कर्ष किती जपून काढावा लागतो, हे यातून स्पष्ट होते. शिवाय परिणाम मुख्यतः शुक्रजंतू घडवणाऱ्या पेशींवर आणि शुक्रजंतूच्या शेपटीला ऊर्जा पुरवणाऱ्या मध्यभागावर होतो, त्यामुळे प्रजननक्षमता घटली म्हणजे कामेच्छाही गेली, असे समीकरण मांडता येत नाही.

‘वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक’ हा समज सर्वांत घातक आहे आणि त्याचे खंडन माणसांवरील चाचण्यांनीच केले. चीनमध्ये 1970 च्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांना गर्भनिरोधक गोळी म्हणून आरंभी रोज 20 मिलिग्रॅम गॉसिपॉल देण्यात आले आणि बहुतेकांच्या शुक्रजंतूंची संख्या गर्भधारणा टळेल इतकी घटली. परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम उतरून स्नायू लुळे पडण्यापर्यंत वेळ आली, तर गोळी थांबवल्यानंतरही अनेकांची प्रजननक्षमता परत आली नाही, आणि अखेर जागतिक आरोग्य संघटनेनेही या दिशेचे संशोधन सोडून देण्याची शिफारस केली.

गोठ्यातील प्रश्न याहून वेगळा आहे. प्रौढ गाई-म्हशींच्या पहिल्या पोटात, म्हणजे रोमंथिकेत, गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन बरेचसे निष्प्रभ होते, म्हणून दुभत्या जनावराला बेताची ढेप सोसते. मात्र ज्यांची रोमंथिका अजून तयार झालेली नाही अशी वासरे, तसेच कोंबड्या आणि डुकरे यांना त्याची बाधा लवकर होते. पैदाशीच्या वळूला सरकी किंवा ढेप दीर्घकाळ भरपूर दिल्यास त्याच्या शुक्रजंतूंच्या मध्यभागात दोष निर्माण होतात, त्यामुळे त्याचा खुराक ठरवताना दुभत्या गाईचे माप लावणे योग्य नाही.