वर ट्रक, खाली वाघ

नागपूरहून जबलपूरला जाताना पेंचच्या जंगलात एक लांबच लांब पूल लागतो. खाली बघावं, तर नदी नाही, रेल्वेचे रूळही नाहीत. मग पूल कशाला? वाघ, चितळ, रानकुत्री यांना खालून बिनधास्त जाता यावं म्हणून!

हा राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगरहून निघतो आणि थेट कन्याकुमारी गाठतो. पेंचमध्ये तो प्राण्यांच्या जुन्या वाटा कापत जातो. वाघाचा बच्चा साधारण दोन वर्षांचा झाला, की आईला सोडून स्वतःचा मुलूख शोधायला निघतो. पेंचमधून कान्हाकडे जाईल, नाहीतर नागझिऱ्याकडे. मध्येच आडवा येतो चौपदरी रस्ता!

गाडीखाली सापडायची भीती तर असतेच. पण आणखी एक नुकसान होतं आणि ते चटकन दिसत नाही. हॉर्न, दिवे आणि न थांबणारी रहदारी यांना बिचकून कितीतरी प्राणी रस्ता ओलांडणंच सोडून देतात. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. मग पिढ्यानपिढ्या नात्यातल्या नात्यातच जोड्या जमतात आणि पिल्लं अशक्त निपजू लागतात. मला तर हे अपघातांपेक्षाही गंभीर वाटतं.

म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीत ९ ठिकाणी रस्ता वर उचलून खाली मोकळी वाट ठेवली. त्यातली सगळ्यात मोठी वाट ७५० मीटर रुंद आहे! पण प्राण्यांना ती पसंत पडली का? हे बघायला भारतीय वन्यजीव संस्थेने पुलांखाली कॅमेरे लावले. प्राणी समोरून गेला, की फोटो आपोआप निघतो. २०१९ मध्ये १८ जातींचे वन्यप्राणी त्यात टिपले गेले. चितळं आली, रानडुकरं आली, रानमांजरं आली. आणि वाघ? चक्क ११!

आता तुम्ही विचाराल, एकच वाघ ११ वेळा गेला नसेल कशावरून? फोटोतल्या पट्ट्यांवरून! कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकंच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावावे लागतात.

पण सगळेच काही पुलाखालून जात नाहीत. रातवा नावाचा पक्षी रात्री रस्त्यावरच बसून राहतो. साप उबदार डांबरावर येऊन पडतात. पावसाळ्यात बेडूक पाण्याकडे निघतात, तेव्हा समोर रस्ता आला तरी थांबत नाहीत. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये बेडकांसाठी रस्त्याखालून छोटे बोगदे काढले आहेत. कडेला बुटकी भिंत असते. उडी मारून ती ओलांडता येत नाही, म्हणून बेडूक तिच्या कडेकडेने चालत बरोब्बर बोगद्यात शिरतात. आपल्या आंबोलीच्या घाटात केवढे बेडूक आहेत! असे बोगदे तिथेही हवेत, अगदी पुढच्या पावसाळ्याच्या आत.