दोन सरासऱ्यांमधील अंतर

सरासरीचा हिशेब आतां सुशिक्षित घरांतून चांगलाच रुळला आहे. शाळेच्या निकालांतील सरासरी गुण, गांवाचा सरासरी पाऊस, अमुक पौष्टिक औषध घेणाऱ्यांचें सरासरी वजन, असे आंकडे वृत्तपत्रांतून व जाहिरातींतून नित्य आपल्यापुढें येतात. एका गटाची सरासरी दुसऱ्याहून थोडी वर दिसली, कीं तो गट सरस असें आपण बोलून मोकळे होतों. परंतु दोन सरासऱ्या वेगळ्या दिसणें निराळें आणि त्यांच्या वेगळेपणास कांहीं कारण असणें निराळें. एकाच वर्गांतील मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, तरी त्यांच्या गुणांच्या सरासऱ्या तंतोतंत जुळावयाच्या नाहींत. तें अंतर केवळ योगायोगाचें असतें. मग योगायोगाचें अंतर कोणतें आणि सकारण अंतर कोणतें, हें ओळखावें कसें?

ह्या प्रश्नाची एक उत्तम गुरुकिल्ली मद्याच्या कारखान्यांतून निघाली, हें ऐकून वाचकांस मौज वाटेल. विल्यम सीली गॉसेट हे इंग्रज गृहस्थ ऑक्सफर्ड येथें रसायन व गणित ह्या विषयांचा अभ्यास करून १८९९ सालीं डब्लिनच्या गिनेस कंपनींत नोकरीस लागले. तेथें जवाची परीक्षा थोडक्याच नमुन्यांवरून करावी लागे, आणि तत्कालीन संख्याशास्त्राचा सारा भर तर मोठमोठ्या संख्यांवर. गॉसेट यांनीं तीन हजार गुन्हेगारांच्या उंचीचीं व डाव्या हाताच्या मधल्या बोटाचीं मापें पुठ्ठ्याच्या तीन हजार तुकड्यांवर लिहिलीं, ते तुकडे नीट मिसळले, आणि चारचारांचे ७५० गट करून लहान गटाची सरासरी किती हेलकावे खाते तें पाहिलें. आपल्या गणिताचा ताळा त्यांनीं असा पटविला. १९०८ सालीं त्यांचा निबंध ‘बायोमेट्रिका’ ह्या नियतकालिकांत आला. कंपनीच्या नियमामुळें त्यावर त्यांचें नांव नव्हतें. ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, अशी सही होती. आज जगभर ‘टी-चाचणी’ म्हणून जी शिकविली जाते, तिचा उगम तो हा निबंध.

तिचें मर्म समजण्यास फारसें गणित नको. सरासऱ्यांमधील अंतर मोठें कीं लहान, हें त्या अंतराकडे नुसतें पाहून ठरत नाहीं. गटांतील व्यक्तीव्यक्तींमध्यें मुळांतच किती तफावत आहे, आणि व्यक्ती किती तपासल्या, ह्या दोन गोष्टी त्याच्या शेजारीं मांडाव्या लागतात. तफावत मोठी व माणसें थोडीं, तर अंतरावर भरंवसा थोडा. तफावत लहान व माणसें पुष्कळ, तर भरंवसा अधिक.

गॉसेट यांनींच घेतलेलें एक उदाहरण पाहूं. दहा रुग्णांना झोपेचीं दोन औषधें पाळीपाळीनें दिलीं होतीं. पहिल्यानें झोप सरासरी पाऊण तास वाढली, दुसऱ्यानें २.३३ तास, अंतर १.५८ तासांचें. हे दोन निरनिराळ्या माणसांचे गट आहेत असें धरून चाचणी लावली, तर उत्तर येतें तें असें: दोन्ही औषधें सारख्याच गुणाचीं असतीं, तरी एवढें किंवा याहून मोठें अंतर नुसत्या योगायोगानें शंभरांत सुमारें आठ वेळां दिसलें असतें. शंभरांत पांचांहून कमी संभव असला तरच अंतर दखल घेण्याजोगें मानावें, असा प्रघात पुढें रोनाल्ड फिशर यांच्या ग्रंथामुळें रूढ झाला. त्या कसोटीस हें उतरत नाहीं. पण माणसें तींच होतीं! म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याशींच करावी हें योग्य. तशी केली, म्हणजे कोणी मुळांतच गाढ झोपणारा, कोणी जागा राहणारा, ही तफावत हिशेबांतून गळते आणि योगायोगाचा संभव हजारांत तीनांवर येतो. आंकडे तेच, परंतु जोडी नीट लावतांच त्यांचा अर्थ उजळला.

आतां याच पुरुषाची खरी परीक्षा पाहणारें प्रकरण सांगतों. १९३० सालीं स्कॉटलंडांतील लॅनार्कशायर परगण्यांत, शाळेंत दूध दिल्यानें मुलांची वाढ किती होते, हें पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. ६७ शाळांतील सुमारें २०,००० मुलें त्यांत होतीं. पांच हजारांना फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज पाऊण पिंट कच्चें दूध, पांच हजारांना तितकेंच पाश्चरीकरण केलेलें, आणि दहा हजारांना कांहींच नाहीं. आरंभीं व शेवटीं सर्वांची उंची व वजन घेतलें. संख्या एवढी प्रचंड, कीं योगायोगाची शंका उरूं नये. दूध हितकर आहे आणि दोन्ही प्रकारांचा गुण सारखाच, असा निष्कर्ष निघाला.

१९३१ सालीं ‘स्टुडंट’नें ह्या प्रयोगाची चिकित्सा केली. मुलांची निवड कोठें चिठ्ठ्यांनीं, कोठें वर्णानुक्रमानें झाली होती. परंतु एखाद्या गटांत धष्टपुष्ट किंवा अशक्त मुलें फार आलीं असें वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकही माणसेंच. समोरच्या अशक्त पोराला दूध मिळावें, ही दया कोणाच्या मनांत येणार नाहीं? परिणाम असा झाला, कीं दूध न मिळणारीं मुलें आरंभींच वजनानें सुमारें तीन महिन्यांच्या व उंचीनें सुमारें चार महिन्यांच्या वाढीइतकीं पुढें होतीं. शिवाय वजन कपड्यांसह घेतलें होतें. हिंवाळ्यांतील जाड कपडे जूनमध्यें उतरले, तेव्हां खाऊनपिऊन सुखी घरच्या मुलांच्या वजनांतून अधिक कपडे वजा झाले असणार. गरिबाच्या मुलाच्या अंगावर उतरविण्याजोगें होतेंच किती? आणखी असें, कीं एका शाळेंत एकाच प्रकारचें दूध दिलें होतें. त्यामुळें दोन दुधांची तुलना करूं जातां शाळाशाळांमधील फरकही तींत मिसळे.

दुधापासून लाभ नाहीं, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. लाभ किती, हें ह्या आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं, एवढेंच होतें. सरकारी पैशानें किती मुलांना कोणतें दूध पुरवावें, ह्या निर्णयाला नेमकी तीच माहिती हवी होती. एकरूप जुळ्या भावंडांच्या अवघ्या पन्नास जोड्या घेऊन, प्रत्येक जोडींतील कोणाला दूध द्यावयाचें तें नाणें उडवून ठरविलें असतें, तर अल्प खर्चांत अधिक भरंवशाचें उत्तर मिळालें असतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. झोपेच्या औषधांच्या उदाहरणांत कामास आलेलें जोडीचें तत्त्व तें हेंच.

चाचणी योगायोगाचा हिशेब करते, पक्षपाताचा करीत नाहीं. गट पाडतांनाच तराजू एका बाजूस कलला असेल, तर वीस हजारांच्या मापानेंही तो सरळ होत नाहीं; उलट चुकीच्या उत्तराला संख्येचें वजन तेवढें येतें. तेव्हां एखादें औषध, शिकवणी किंवा आहार यांचे गुण सरासरीच्या आधारें कोणी सांगूं लागला, कीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे: माणसें किती होतीं, त्यांच्यांत आपसांत तफावत किती होती, आणि कोणाला कोणत्या गटांत घालावयाचें हें कोणी व कसें ठरविलें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक मिळाल्यावांचून पहिल्या दोहोंच्या उत्तरांवर विसंबूं नये.