राऊंडच्या पाच नोकऱ्या

नाउन म्हणजे काय, असं पाचवीतल्या कुणालाही विचारा, व्याख्या घडाघडा म्हणून दाखवील. मग फळ्यावर वाक्य लिहा आणि त्यातलं नाउन शोधायला सांगा. अर्धा वर्ग छताकडे बघू लागतो. मी मराठी माध्यमात इंग्रजी शिकवते. माझं स्पष्ट मत आहे, आपण मुलांना व्याख्या फार लवकर देतो आणि वाक्यं फार उशिरा.

मराठीत शब्दाची जात सहसा जात नाही. ‘लहानांनी ऐकावं’मध्ये विशेषणाचं नाम होतं खरं, पण शेवटचा प्रत्यय लगेच चुगली करतो. इंग्रजीत असा चुगलखोर बरेचदा नसतोच. ‘वॉटर’ पेल्यात असलं तर नाम. ‘वॉटर द प्लांट्स’ म्हटलं की क्रियापद. ‘राऊंड’ तर बहुरूपीच! ‘अ राऊंड टेबल’मध्ये विशेषण, ‘द लास्ट राऊंड’मध्ये नाम, ‘टर्न राऊंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘राऊंड द कॉर्नर’मध्ये प्रिपोझिशन, आणि हिशेबाचा आकडा ‘राऊंड ऑफ’ केला की क्रियापद. नुसता शब्द बघून जात सांगायला गेलात की फसलात. तो कुठे बसलाय आणि शेजारी कोण आहे, ते आधी बघायचं.

प्रिपोझिशनला आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो, पण दोघांचा स्वभाव उलटा. आपलं ‘खाली’ नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतं आणि त्याचं रूपही बदलतं: टेबल, टेबलाखाली. इंग्रजीतलं ‘अंडर’ पुढे उभं राहतं आणि टेबलाला धक्काही लावत नाही. आर्टिकल तर आपल्याकडे नाहीच, म्हणून मुलं ते बिनदिक्कत गाळतात. ‘अ’ की ‘ॲन’, हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं: ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी.

आणि शाळेत शिकवतात त्या शब्दांच्या आठ जाती काही देवानं लिहून दिलेल्या नाहीत. संस्कृतात निरुक्तकार यास्कानं चारच मानल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. ग्रीकांच्या आठांत आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये ते नव्हतंच, तेव्हा आठ भरायला उद्गारवाचकाला जागा मिळाली. लिंडली मरेच्या 1795च्या इंग्रजी व्याकरणात नऊ आहेत, आर्टिकल धरून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण इंग्रजीच्या धर्तीवर मांडलं. म्हणजे मराठीच्या तासाला मुलं ज्या आठ जाती शिकतात, त्यांचीच इंग्रजी नावं पुढच्या तासाला पुन्हा पाठ करतात. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकदा समोरासमोर बसायला काय हरकत आहे?

घरी मूल असेल तर इंग्रजी पेपरातलं एक वाक्य घ्या. मथळा नको, तिथे आर्टिकलं गाळलेली असतात. आतल्या बातमीतलं घ्या. एकेका शब्दावर बोट ठेवून विचारा, हा इथे काय काम करतोय? उत्तर मराठीत आलं तरी चालेल. व्याख्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करता येते.